नगरचे पोलीस कोणाला जबाबदार?

नगर जिल्ह्याच्या पोलीस दलाचा इतिहास भागोजी नाईकांपासून सांगणे सोयीचे. हे भिल्ल पुढारी बंडात उतरण्यापूर्वी नगरच्याच पोलिसांत अधिकारी होते. १८५५ साली दंगा व पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर वर्षभराचा जामीन लिहून द्यावा लागला. पुढे सर्वांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा नांदूर शिंगोटे सोडून त्यांनी पुणे-नाशिक रस्त्यावरचे डोंगर गाठले. हा मुलूख त्या काळी नगर जिल्ह्यात होता. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्यांना धरण्यास गेलेला पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री गोळी लागून पडला.

मग सरकारने डोंगरी कोळ्यांचे पथक उभारले. त्याच कोळ्यांच्या राघोजी भांगरे यांना नऊ वर्षांपूर्वी ठाण्यात फाशी दिले होते! डोंगरातल्या एका जमातीला दुसरीवर सोडण्याची ही युक्ती साम्राज्याला नवी नव्हती. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागरे येथे फ्रँक सूटरच्या पोलिसांशी लढताना भागोजी पडले. सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, सर झाला. कोळ्यांचे पथक १८६१ मध्ये मोडले गेले.

हे दल घडले कोणत्या साच्यात? लंडनमध्ये १८२९ साली आलेला शिपाई बिनबंदुकीचा होता. आपल्याकडे आला तो आयर्लंडचा नमुना, म्हणजे जिंकलेल्या मुलखावर बसवलेले सशस्त्र दल. नेपियरने तो १८४३ नंतर सिंधमध्ये राबवला, तेथून मुंबई इलाख्याने उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यांवर सुपरिंटेंडेंट नेमले. खुद्द इंग्लंडात १८८८ च्या कायद्याने परगण्यांच्या पोलिसांवर देखरेख करणाऱ्या समितीत निम्मे सभासद लोकनियुक्त कौन्सिलर झाले. दोनच वर्षांनी, १८९० साली, मुंबई इलाख्याला जिल्हा पोलिसांचा नवा कायदा मिळाला. त्यात सुपरिंटेंडेंटच्या वर मॅजिस्ट्रेट होता, रयत कोठेच नव्हती.

स्वराज्यात १९५१ चा कायदा आला, पण हुकमाची उतरंड तीच राहिली. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सुधारणांचे आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. त्यावरील माणसे मात्र सरकारच नेमते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेथील पोलीस अधीक्षक नाशिक परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांना जबाबदार आहे, ते मुंबईला. जिल्हा परिषद १९६२ पासून चालते; तिचा सभासद शाळेचा, दवाखान्याचा हिशेब मागू शकतो, पोलीस ठाण्याचा नाही.