संगणक सुरू होत नाहीं तेव्हां

काल रात्रीं सुरळीत चाललेला घरचा संगणक सकाळीं बटण दाबूनहि उठत नाहीं. दिवा नाहीं, पंख्याची घरघर नाहीं. अशा वेळीं गृहस्थाच्या मनांत पहिली भीति यंत्राच्या किंमतीची नसते. मुलांचीं छायाचित्रें, घराचे कागद, वर्षानुवर्षांचे हिशेब गेले कीं काय, हीच ती भीति होय. तिचें निरसन प्रथम झालें पाहिजे. हें सर्व साहित्य हार्ड डिस्कवर अथवा एसएसडीवर सांठविलेलें असतें, आणि वीज गेली तरी तें तेथेंच राहातें. दिवा विझल्यानें कपाटांतील पुस्तकें नाहींशीं होत नाहींत, तसेंच हें बहुधा असतें.

दोष शोधण्याचा नियम सोपा आहे: बाहेरून आंत जावें आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालूं लागलें तरी दोष कोठें होता तें कळत नाहीं.

प्रथम भिंतीवरील सॉकेटांत मेजावरचा दिवा लावून पाहावा. तो लागल्यास यूपीएस व एक्स्टेन्शन बोर्ड वगळून संगणक थेट तेथेंच जोडावा. पेटीच्या मागील केबल घट्ट बसवावी. तशीच दुसरी मिळाल्यास ती लावून पाहावी. मागें बहुधा एक लहान खटका असतो. त्यावरील रेघ म्हणजे चालू व शून्य म्हणजे बंद. झाडलोट करतांना तो नकळत बंद झालेला असूं शकतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाची रचना पुढें आणली. तिच्यांत पुढचें बटण मुख्य वीज जोडीत नाहीं. तें मदरबोर्डास केवळ इशारा देतें आणि मदरबोर्ड पॉवर सप्लायला जागें करतो. तो इशारा ओळखतां यावा म्हणून यंत्र बंद असतांहि ५ व्होल्टांचा पुरवठा चालूच असतो. म्हणून पेटी उघडण्यापूर्वीं केबल काढलीच पाहिजे. ती काढल्यावर बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व मग केबल पुन्हां जोडून पाहावें. आंत उरलेला विद्युत्‌भार निघून गेल्यानें कित्येकदां एवढ्यावरच काम भागतें.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, असें असेल तर प्रश्न निराळा. मॉनिटरची केबल पाहावी. मग वीज तोडून रॅमची पट्टी काढून नीट बसवावी. पंखाहि फिरत नसेल, तर मदरबोर्डावरील २४ टोकांचा जोड आणि बटणाच्या बारीक तारा सैल झाल्या आहेत काय, तें पाहावें.

घरगुती प्रयत्नांची मर्यादा येथें संपते. पॉवर सप्लायचा डबा कधींहि उघडूं नये. भिंतीवरील २३० व्होल्टांची वीज त्याच्या आंत ३०० व्होल्टांहून अधिक दाबानें कपॅसिटरमध्यें सांठते, व केबल काढल्यावरहि कांहीं काळ तेथें टिकते. तिचा धक्का प्राणघातक ठरूं शकतो. जळका वास आल्यास केबल काढून यंत्र जाणत्या कारागिराकडेच द्यावें.

यंत्र दुरुस्त होईल, न झाल्यास नवें येईल. परंतु छायाचित्रांची व कागदांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर ज्या घरांत आहे, तेथें बंद पडलेला संगणक ही गैरसोय ठरते, आपत्ति नव्हे.