मरळ, गळ आणि रबरी बेडूक

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

गळ टाकून मासे धरण्याचा छंद आपल्या भागाला नवा नाही. नळगंगेच्या काठी, पूर्णेच्या डोहावर वेळूची काठी घेऊन तासन्‌तास बसलेली माणसं मलकापूरकरांनी कायम पाहिली आहेत. नवं आहे ते सामान. मोबाइलवर अमेरिकेतल्या तळ्यांवरचे व्हिडिओ दिसतात. चकचकीत होडी, हातात सडपातळ रॉड, आणि दर दोन मिनिटांनी पाण्याबाहेर उसळी घेणारा ‘बास’ नावाचा मासा. मग इथली मुलं तेच रॉड, तीच रिळं, तेच रंगीबेरंगी नकली मासे मागवतात आणि धरणावर येऊन विचारतात, ‘‘काका, हे आपल्याकडे चालेल का?’’

काही चालेल, बरंचसं चालणार नाही. ते का, एवढंच आज सांगायचं आहे.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा, आपल्या नद्यांतला नव्हे. तोंड मोठं, भूक दांडगी, आणि शिकार करायची ती दबा धरून. असाच स्वभाव असलेला एक मासा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे मरळ. सापासारखं डोकं, लांबट गोल अंग, जबड्यात अणकुचीदार दात. ती मासे खाते, बेडूक खाते, पाण्यावर पडलेला उंदीरही सोडत नाही. बाजारात टोपलीत तासन्‌तास जिवंत दिसते, कारण कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेण्याची सोय तिच्या डोक्यात आहे. म्हणूनच आपल्या उन्हाळ्यात, डबकं आटून पाणी गरम झालं तरी ती तग धरते. मात्र श्वासासाठी तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. पाण्यावर ‘बुळुक’ असा आवाज होऊन गोल तरंग उठला, की जाणता माणूस तिकडे बघतो.

आता ही मरळ राहते कुठे? एका जुन्या जाणत्या भोईदादांनी मला एका वाक्यात उत्तर दिलं होतं : ‘‘भाऊ, मरळ काय मोकळ्या पाण्यात ऱ्हायते का? थे झाडोऱ्यात ऱ्हायते.’’ मोताळा तालुक्यातलं नळगंगा धरण घ्या (नदीजोड प्रकल्पामुळे हल्ली पेपरात ज्याचं नाव येतं तेच), किंवा पुढे चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर पसरलेला हतनूरचा फुगवटा घ्या. मरळ मिळेल ती काठाच्या उथळ पाण्यात. पाणकणसाच्या बेटात, जलपर्णीखाली, पाण्यात बुडालेल्या बेशरमीच्या झुडपांत. सामानाची सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते. दुकानात जाण्याआधी पाणी पाहून यावं, असं मी म्हणतो ते याचसाठी.

पहिली खरेदी दोरीची. लोक उलटं करतात. सगळे पैसे रॉडवर आणि रिळावर घालतात, आणि शेवटी उरलेल्या चिल्लरमध्ये तंगूस घेतात. माशाला आणि माणसाला जोडणारी वस्तू मात्र दोरीच असते. मला नेहमी विचारतात, ‘‘दोन किलोच्या मरळीला अठरा किलो ताणाची दोरी कशाला?’’ अहो, तुम्ही फक्त मरळ ओढत नसता. गळ लागताच ती वळते आणि सरळ झाडोऱ्यात शिरते. देठांना दोन वेढे बसले, की तुम्हाला मरळीसह पाच-सात किलो ओला पाला ओढायचा असतो. त्यात गाठीच्या जागी दोरीची ताकद कमी होते. साधी नायलॉनची तंगूस पाणी पिऊन थोडी नरम पडते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात वर्षभर राहिली तर तिचा भरवसा संपतो.

म्हणून झाडोऱ्यासाठी विणलेली दोरी घ्यावी. दुकानदार तिला ‘ब्रेड’ म्हणतात. चाळीस पौंडांची, म्हणजे अठरा किलोची. ती त्याच ताकदीच्या तंगूसपेक्षा पुष्कळ बारीक असते, ताणत नाही, आणि पाल्याचे देठ कापत येते. तिचे दोन दोष आहेत. ती गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सुटते. तेव्हा दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायची, सैल गाठ मारायची आणि पुढचा फास गळावरून उतरवून घ्यायचा. आवळण्याआधी गाठ ओली करा. दुसरा दोष असा, की ती हाताला गुंडाळून ओढली तर बोट कापते. पाल्यात अडकली तर काठीच्या तुकड्याला गुंडाळून ओढा. विणलेली दोरी परवडत नसेल तर जाड तंगूस चालते, पण दर हंगामाला बदला.

बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात मर्दुमकी आहे, असं काही जण मानतात. मोकळ्या पाण्यात ठीक आहे. झाडोऱ्यात दोरी तुटते, मासा निसटतो. पण तो सुटलेला नसतो. तोंडात गळ, मागे पाच-दहा हात दोरी, आणि ती दोरी देठांत गुंतलेली. मरळीला श्वासासाठी वर यावं लागतं, हे आत्ताच सांगितलं. पाण्याखाली अडकून पडलेली मरळ गुदमरून मरते. ना तुमच्या ताटात, ना पाण्यात. दोरी जाड घ्या, असा आग्रह मी धरतो तो या कारणानं.

तुटलेल्या दोरीचं आणखी एक. हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळ्यात किती पक्षी उतरतात हे तुम्ही जाणताच. काठावर टाकलेल्या तंगूसच्या गुंत्यात बगळ्याचा, पाणकावळ्याचा पाय अडकला तर तो सुटत नाही. तुकडे रिकाम्या बाटलीत भरून घरी न्यावेत.

गळ निवडताना नवखा माणूस आकड्यांना फसतो. साध्या आकड्यांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. दहा नंबर बारीक, दोन नंबर मोठा. पण आकड्यापुढे शून्याची खूण आली की हिशेब फिरतो : एक-शून्यापेक्षा दोन-शून्य मोठा. मरळीच्या हाडाळ तोंडाला एक-शून्य ते तीन-शून्यपर्यंतचा जाड तारेचा गळ हवा. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट आहे, रुतलं तर चालेल. आणि ज्यांना मासा सोडून द्यायचा असतो, त्यांनी गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकावा. मासे जास्त निसटतात अशी भीती असते. दोरी ताणलेली ठेवली तर फारसे निसटत नाहीत. शिवाय तोच गळ स्वतःच्या बोटात शिरला तर त्या दाबलेल्या काट्याची किंमत कळते.

रॉडबद्दल थोडक्यात. साडेसहा-सात फुटांचा, टोकाला जरा लवचीक आणि बुंध्याशी ताठ असा घ्या. फार मऊ रॉड व्हिडिओत सुंदर वाकतो, पण मरळ पाल्यातून उचलत नाही. रीळ साधं, मजबूत, मधल्या आकाराचं पुरे. सुरुवातीला वेळूची काठी घेऊन काठाजवळच्या खळग्यांत गळ सोडला तरी मरळ लागते. भोईदादा पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत.

आता नकली आमिषांकडे येऊ. ही कल्पना जुनी आहे. पाण्यात फिरणाऱ्या धातूच्या चमच्याचं पेटंट अमेरिकेत १८५२ साली ज्युलिओ ब्यूएल यांनी घेतलं. फिनलंडच्या लाउरी रापाला यांची गोष्ट मला अधिक आवडते. मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून लंगडत पोहणाराच नेमका उचलतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. मासा दिसायला कसा यापेक्षा तो लंगडतो कसा, यावर सगळं होतं. आजच्या महागड्या नकली माशातही तेच तत्त्व आहे. रंगांच्या चौदा छटा गिऱ्हाइकासाठी असतात. गढूळ पाण्यात तर मासा डोळ्यांपेक्षा अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या संवेदनारेषेनं हालचाल ओळखतो.

पण हे बुचाचे मासे आणि त्यांची प्लॅस्टिकची भावंडं आपल्या मरळीसाठी बिनकामाची. त्यांच्या पोटाला तीन टोकांचे गळ लोंबतात. पाणकणसात पहिल्याच फेकीला ते अडकतात. मोकळ्या डोहात, शिवड्यासारख्या शिकारी माशासाठी ते किंवा चमचा वापरून बघावा. रोहू-कटल्यासाठी तर काहीच नकली मागवू नका. त्यांना कणकेचा गोळा आणि पेंड बरी.

मरळीसाठी एकच नकली आमिष घ्यायचं असेल तर पोकळ रबरी बेडूक घ्या. पाच-सहा सेंटिमीटरचा, काळा नाहीतर हिरवट. त्याची करामत अशी, की दुहेरी गळ त्याच्या पाठीला चिकटून वरच्या बाजूला असतो. पाल्यावरून ओढला तर टोकं कशातही रुतत नाहीत. मरळीनं जबड्यात दाबला की पोकळ अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. घेताना दुकानातच बोटांनी चेपून पाहा. रबर कडक असेल आणि टोकं उघडी पडत नसतील तर परत ठेवा.

तो वापरायचा कसा? सकाळी ऊन चढण्याआधी, नाहीतर दिवस कलताना. पाल्यातल्या मोकळ्या खळग्याच्या पलीकडे फेका, पानांवरून टुणटुण ओढत आणा, आणि खळग्याच्या पाण्यात आला की थांबा. इथे लोकांना धीर राहत नाही. पाणी फुटतं, मोठा आवाज होतो आणि माणूस घाबरून काठीला झटका देतो. बेडूक रिकामा उडून कपाळावर येतो. आवाजावर झटका द्यायचा नाही. मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरीला भार जाणवला की मग ओढा, आणि तिला वळायला जागा न देता सरळ काठाकडे आणा.

आपल्याकडे मरळीला जिवंत बेडूक लावायची रीत होती. शेतातले किडे बेडूक खातात, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशानं १९८७ सालीच बंद केली. रबराचा बेडूक पन्नास मरळी पुरतो, मग जिवंत जनावर कशाला टोचायचं?

दोन गोष्टी सामानाच्या पिशवीबाहेरच्या. बहुतेक तलावांची मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत स्थानिक सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. त्या संस्था पैसे खर्चून बीज सोडतात. तुमचा छंद त्यांच्या पोटावर येऊ नये. आधी संस्थेच्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा एका रॉडला कोणी नाही म्हणत नाही, आणि मासे कुठे आहेत हेही तोच सांगतो. दुसरी गोष्ट शेततळ्याची. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. दोर बांधून सोडलेला नसेल आणि सोबत कुणी नसेल, तर तिथे गळ टाकायला जाऊ नका.

शेवटी पावसाळ्याबद्दल. मरळ मुख्यतः पावसाळ्यात वीण घालते. काठाच्या पाण्यात तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका दिसतो. शेकडो पिल्लं, परातीएवढ्या जागेत, एकदम वर येतात, श्वास घेतात, एकदम खाली जातात. त्यांच्याखाली आई-बाप, निदान दोघांपैकी एक तरी, राखण करत असतो. या पुंजक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास येते. भुकेनं नाही, पिल्लांवर कोण आलं म्हणून. व्हिडिओत ही युक्ती मोठ्या हौशीनं दाखवतात. पण राखणदार उचलला की आसपासचे मासे पिल्लांवर तुटून पडतात. एक मरळ हाती लागते आणि पुंजकाच्या पुंजका जातो. दोन-तीन वर्षांनी त्याच काठावर बसून आपण म्हणतो, पूर्वीसारख्या मरळी राहिल्या नाहीत.

चुकून अशी मरळ लागलीच तर हात ओले करा, पक्कडीनं गळ काढा (तिच्या दातांत बोट घालू नका), आणि जिथे धरली तिथेच सोडा. ती हवेतही श्वास घेते, त्यामुळे झटपट सोडली तर पुन्हा पिल्लांकडे जाते. पुंजका दिसला की तो काठ महिनाभर सोडून द्यायचा. पाऊस ओसरून पिल्लं पांगली, पाणी निवळलं, की पुन्हा त्या पाणकणसाकडे जाता येतं. तोवर रिळावरची दोरी बदलून घ्यावी आणि गळांना कानस फिरवून ठेवावी.