एका मेजाची कुळकथा



कामगारांत वावरणाऱ्या माणसाला शब्दांच्या कुळाशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण ज्याच्याशी तीस वर्षे झगडलो, त्याचे मूळ गाव पाहावेसे वाटणारच. तो शब्द ‘ब्युरॉक्रसी’. आपण नोकरशाही म्हणतो.

त्याचा पूर्वार्ध फ्रेंच. ‘ब्युरेल’ म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड, आपल्या घोंगडीच्या जातीचे. हिशेबाच्या मेजावर ते अंथरीत. कापडाचे नाव मेजाला चिकटले, मेजाचे खोलीला, खोलीचे कचेरीला. उत्तरार्ध ग्रीक: ‘क्राटोस’, म्हणजे सत्ता. डेमॉक्रसीत लोकांचे राज्य, ॲरिस्टॉक्रसीत श्रेष्ठींचे. इथे मात्र मेजाचे! म्हणजे शब्द जन्मला तोच टिंगल म्हणून. फ्रान्समधल्या व्हिन्सेंट द गुर्ने यांनी तो घडवला असे मानतात. हे गृहस्थ आधी व्यापारी; १७५१ साली स्वतःच सरकारी व्यापारखात्याचे अधिकारी झाले. मेजामागे बसलेल्यानेच मेजाला नाव ठेवावे, हे मला फार आवडते. ते १७५९ मध्ये वारले. त्यांचा शब्द उरला.

इंग्रजांनी तो उसना घेतला आणि नाक मुरडले. कार्लाइलने १८५० साली ही युरोप खंडावरची पीडा म्हणून हिणवली. पुढे पाचच वर्षांनी हिंदुस्थानच्या कारभारासाठी लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली, आणि पीडा जहाजात बसून आपल्याकडे आली म्हणा ना! १९१६ च्या स्वराज्याच्या व्याख्यानांत लोकमान्यांनी बादशहा वेगळा आणि नोकरशाही वेगळी, असा भेद करून तिलाच धारेवर धरले.

आता आपला शब्द पाहा. ‘नोकर’ फारसीतून आला, पण मूळचा मंगोल. तिकडे त्याचा अर्थ साथी, सोबती. साथीचा चाकर झाला आणि चाकराची शाही झाली.

एका मयत कामगाराच्या विधवेबरोबर मी एका कचेरीत वर्षभर खेटे घातले. पैसे तिच्या नवऱ्याचेच. नकार कुणीच दिला नाही. कागद ‘वरच्या टेबलावर’ होता. वरचे टेबल कुठे, हे कुणी सांगेना.

पण दगड नुसते सरकारवर मारून भागत नाही. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्येच दाखवून दिले की, कामगारांचे पक्ष आणि संघटना यांतही सत्ता हळूहळू मूठभरांच्या हाती जाते. आमच्या युनियनच्या कचेरीतही मेज आहे, त्यावर हिरवे कापड आहे. म्हणून सभासदांनी ठराव केला: अर्ज आला की आठ दिवसांत उत्तर, आणि उत्तराखाली माणसाची सही, नुसता शिक्का चालणार नाही. पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आली आहे. तिची सुनावणी येत्या रविवारी आहे.