कामगाराचे आजारपण आणि मालकाची जबाबदारी

(मावळ तालुक्यातील कुरवंडे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेले आपले कुरवंडे इतिहासाला परिचित आहे. १६६१ साली कारतलबखानाची फौज याच घाटाने कोकणात उतरली आणि खाली उंबरखिंडीत कोंडली गेली. आजच्या कुरवंड्याची ओळख मात्र निराळी आहे. एका अंगाला नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था, दुसऱ्या अंगाला लोणावळ्याची हॉटेले, बंगले, चिक्कीचे कारखाने आणि सतत चालू असलेली बांधकामे. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, त्यामुळे येथील अनेक घरांची चूल आता शेतीबरोबर नोकरीवरही पेटते. म्हणूनच, नोकरी करणारा माणूस आजारी पडला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या गावाला परका नाही.

समजा, एकाच आळीतील चार माणसांना एकाच आठवड्यात एकच आजार झाला. पहिला नौसैनिक आहे; त्याच्यासाठी लोणावळ्यात नौदलाचे ‘कस्तुरी’ रुग्णालय आहे. दुसरा केंद्र सरकारचा कायम नागरी कर्मचारी आहे. त्याला १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली खर्चाची प्रतिपूर्ती मिळू शकते. तिसरा कंत्राटदाराकडे साफसफाईच्या कामावर आहे. कंत्राटदाराने त्याचे नाव कामगार विम्यात नोंदविले असेल, तर त्याला औषधोपचार आणि आजारपणाचा भत्ता असे दोन्ही मिळेल. चौथा एका बंगल्यावर माळी आहे. त्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही. आजार एक, पण आधार चार प्रकारचे. कोणाला किती संरक्षण मिळावयाचे, हे आजाराच्या गांभीर्यापेक्षा आपले नाव कोणाच्या वहीत आहे यावर ठरते. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच आहे.

उपकाराकडून हक्काकडे

मालकाने कामगाराच्या आजारपणाची काळजी घ्यावी, ही मागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे. ‘दीनबंधु’चे संपादक आणि सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत साप्ताहिक सुटीबरोबर एक महत्त्वाची मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि तो कायमचा जायबंदी झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होय. नागपूरच्या एम्प्रेस गिरणीसारख्या एखाद्या ठिकाणी मालकाने स्वतः होऊन काही सोयी केल्या होत्या. परंतु त्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून होत्या. कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

स्त्री कामगारांच्या बाबतीत मुंबई प्रांताने देशाला वाट दाखविली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा भार मुख्यतः शासनाने उचलावयास हवा आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्याचा वाटा उचलणे योग्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे बाबासाहेब केंद्र सरकारात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. त्याच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला आणि १९५४ साली ती आपल्या राज्यात आली.

१९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य आणि वैद्यकीय उपचार हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. १९९६ साली पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीच्या प्रकरणात, कारखान्याच्या कामाशी निगडित असलेल्या दूरच्या प्रादेशिक कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनाही विमा कायदा लागू होतो, असा निर्णय झाला. उपकारापासून हक्कापर्यंतचा हा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

योजनेचा हिशेब

कामगार विम्याची रचना समजण्यास सोपी आहे. १ जुलै २०१९ पासून ठरविलेल्या दरांप्रमाणे मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो. बारा हजार रुपये वेतन असणाऱ्या कामगाराच्या नावे मालकाचे ३९० आणि त्याचे स्वतःचे ९० असे महिन्याला ४८० रुपये जमा होतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापून घेणे बेकायदेशीर आहे. ‘तुझ्या विम्याचे पैसे तुझ्याच पगारातून’ असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नव्हे.

या वर्गणीच्या मोबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. त्याखेरीज आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. रोजचे सरासरी वेतन ४०० रुपये धरले, तर हा भत्ता दिवसाला २८० रुपये होतो. कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आल्यास ९० टक्के भत्ता आहे आणि प्रसूतीसाठी २६ आठवडे पूर्ण वेतन आहे. विम्याचा भत्ता घेऊन रजेवर असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही.

या भत्त्याचे महत्त्व विशेष आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे राज्यातील कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे आणि त्याचा लाभ गावोगावी होत आहे. परंतु ती योजना रुग्णालयाचे बिल भागविते; बुडालेला रोज ती भरून देत नाही. हातावर पोट असणाऱ्या घरात रोज बुडणे ही आजाराइतकीच मोठी आपत्ती असते. काही मालक खाजगी कंपनीचा गटविमा घेतात. तोही बव्हंशी रुग्णालयाच्या खर्चापुरता असतो आणि नोकरी सुटली की सामान्यतः संपतो. कायद्याने विमा योजना लागू असलेल्या मालकाची जबाबदारी केवळ गटविमा काढल्याने संपत नाही.

नव्या संहितेनंतर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आली आणि १९४८ चा विमा कायदा तिच्यात सामावला गेला. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर संक्रमणकाळापुरते चालू ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आता अधिसूचित क्षेत्राचा अडसर राहिलेला नाही. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला देशात कोठेही ही योजना लागू होते. शासनाने अधिसूचित केलेल्या धोकादायक व्यवसायात तर एक कामगार असला तरी ती लागू करता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने सामील होता येते. त्याच दिवशी अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. आरोग्याच्या दृष्टीने हा कागद औषधाच्या चिठ्ठीइतकाच मोलाचा आहे, कारण नोकरी सिद्ध झाली तरच पुढचे हक्क सिद्ध होतात.

तरीही काही प्रश्न शिल्लक आहेत. दहाची अट असली की वहीत नऊच नावे दाखविण्याचा मोह होतो. वेतनमर्यादेचाही प्रश्न आहे. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१ हजार रुपये ठरविण्यात आली. वेतन वाढत जाते, मर्यादा मात्र दीर्घकाळ जागच्या जागी राहते. त्यामुळे थोडीशी पगारवाढ मिळालेला कामगार वर्गणीचा कालखंड संपताच योजनेबाहेर पडतो. संहितेने हा आकडा शासनाच्या अधिसूचनेवर सोपविला असल्याने तो वेळोवेळी तपासला जाणे अगत्याचे आहे.

अंतराचाही विचार करावयास हवा. चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालय कुरवंड्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तापाने फणफणलेल्या माणसाने तेवढे अंतर कापून जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. दहा किलोमीटरच्या परिसरात विम्याची सोय नसल्यास महामंडळाशी संलग्न असलेल्या खाजगी रुग्णालयात थेट जाण्याची मुभा २०२१ साली देण्यात आली. आपल्याजवळचे संलग्न रुग्णालय कोणते, हे प्रत्येक विमाधारकाला आजारी पडण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे.

कंत्राटी आणि हंगामी कामगार

कंत्राटदार मध्ये आला की मूळ मालक म्हणतो, ‘हा माझा माणूस नव्हे’ आणि कंत्राटदार म्हणतो, ‘मला वरून पैसे मिळाले नाहीत.’ कायदा या दोघांच्या वादात कामगाराला लोंबकळत ठेवीत नाही. वर्गणी प्रथम मूळ मालकाने भरावयाची आणि मागाहून ती कंत्राटदाराकडून वसूल करावयाची, असे तत्त्व आहे. हैदराबादच्या रॉयल टॉकीज या चित्रपटगृहाच्या प्रकरणात उपाहारगृह आणि सायकल स्टँड कंत्राटाने चालविले जात होते. तेथील कामगारही विम्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. आपल्या भागातील हॉटेलांची धुलाई, बागकाम, पहारा ही कामे कंत्राटाने होतात, म्हणून हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००३ साली त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, मालकाने वर्गणी भरली नव्हती एवढ्या कारणाने कामगाराचा विमाधारक म्हणून असलेला हक्क बुडत नाही.

हंगामी कामाची अडचण आणखी वेगळी आहे. आजारपणाच्या भत्त्यासाठी नियमांनुसार सहा महिन्यांच्या वर्गणी कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा असा एक कालखंड आहे. लोणावळ्याचा पावसाळी हंगाम जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत केवळ शनिवार-रविवार कामावर जाणाऱ्या मुलाचे जेमतेम पस्तीस दिवस भरतात, म्हणजे निम्मेही नाहीत. तोच मुलगा सलग तीन महिने कामावर असेल, तर ७८ दिवस सहज पूर्ण होतात; पण त्यातील निम्मे दिवस वहीत चढलेच नाहीत, तर काम करूनही तो भत्त्याला मुकतो. म्हणून आपली हजेरी रोज लागते की नाही, हे पाहण्याची सवय तरुणांनी लावून घ्यावी.

आपण काय करावयाचे

ग्रामपंचायत सदस्यांना माझी पहिली विनंती अशी की, पाणीपुरवठा, स्वच्छता वा बांधकामाचे काम कंत्राटाने देताना कंत्राटदाराचा विमा नोंदणी क्रमांक विचारावा आणि बिल अदा करण्यापूर्वी वर्गणी भरल्याची पावती पाहावी. दुसऱ्याला कायदा सांगण्याआधी स्वतःच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काय व्यवस्था आहे, याचीही चर्चा मासिक सभेत व्हावी.

बांधकाम मजुरांसाठी राज्यात स्वतंत्र कल्याणकारी मंडळ आहे. वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या मजुराला त्यात नोंदणी करता येते. कामाच्या दाखल्यासाठी तो ग्रामपंचायतीकडे आला, तर त्याला हेलपाटे घालावयास लावू नये. त्याचबरोबर ज्याने हे काम केलेले नाही त्याला दाखला देऊन खऱ्या मजुराचा वाटा कमी करू नये. बंगल्यांवरील माळी, रखवालदार आणि घरकाम करणाऱ्या भगिनी आज या व्यवस्थेच्या कडेला आहेत. त्यांची निदान ई-श्रम नोंदणी आणि फुले योजनेची कागदपत्रे पूर्ण करून घेण्याचे काम गावपातळीवर होऊ शकते.

शिक्षक बंधुभगिनींनी दहावीच्या विद्यार्थ्यांना पगारपत्रक वाचावयास शिकवावे. मूळ वेतन किती, कपात कशाची, विमा क्रमांक कोठे असतो, हे ज्याला वाचता येते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. टक्केवारीच्या गणितासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

अधिकारी मित्रांना एवढेच सांगेन की, कामगार तक्रार घेऊन येईल तेव्हाच वही तपासण्यापेक्षा तो धडधाकट असताना ती तपासणे अधिक हिताचे आहे. २०२५ च्या उत्तरार्धात, मागील थकबाकीचा तगादा न लावता मालकांना नोंदणीची संधी देणारी मोहीम कामगार विमा महामंडळाने राबविली. लहान हॉटेलवाला वा कारखानदार कायद्याला भितो, त्यामागे पुष्कळदा माहितीचा अभाव असतो. त्याला हिशेब समजावून दिला, तर तो नोंदणीस तयार होतो. शेवटी, एका गंभीर अपघाताची भरपाई स्वतःच्या खिशातून देण्यापेक्षा महिन्याला ३९० रुपये भरणे त्यालाही परवडणारे आहे.

लोखंडे यांनी मागणी केली तेव्हा कायदा नव्हता. आज कायदा आहे, योजना आहे, न्यायालयांचे निर्णय आहेत. उणीव आहे ती वहीतल्या नावांची. पुढील ग्रामसभेपूर्वी आपल्या गावातून नोकरीस जाणाऱ्या प्रत्येकाची यादी वॉर्डनिहाय तयार व्हावी आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने असावेत: नेमणूकपत्र आहे काय, विमा क्रमांक आहे काय, जवळचे रुग्णालय माहीत आहे काय. जे रकाने रिकामे राहतील, ते भरण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे.