संगणकाची कुरबूर

वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला, आणि त्या औद्योगिक वसाहतीबरोबर बजाजनगरची वस्ती वाढत गेली. या वस्तींत यंत्राचा आवाज ओळखणारे कान घरोघर आढळतात. चालत्या मोटारीच्या बेअरिंगची प्रकृति पाहावयाची असल्यास मुरलेला कामगार पेचकसाचें टोंक बेअरिंगच्या घरावर टेकवितो, मूठ कानाशीं धरतो आणि क्षणांत निदान सांगतो. परंतु तोच गृहस्थ पाळी संपवून घरीं आल्यावर मुलांचा संगणक घरघरूं लागला, कीं हतबुद्ध होतो. वास्तविक निदानाची रीत दोन्हीकडे एकच आहे.

१८१६ सालीं पॅरिस येथें लाएनेक नांवाच्या वैद्यानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर ठेविली. स्टेथोस्कोपचा जन्म तिच्यांतून झाला. संगणकालाहि अशीच कोरडी सुरळी पुरते. पेचकस मात्र येथें वर्ज्य समजावा, कारण आंत वीज खेळत असते. पेटीचें बाजूचें झांकण संगणक बंद असतांना काढावें, मग तो चालू करून, आंत हात न घालतां, सुरळीनें आवाजाचें स्थान शोधावें. आवाज कसा आहे याहून तो कोठून येतो व केव्हां वाढतो, हें आधीं पाहावयाचें असतें.

पेटींत फिरणारे भाग मोजकेच: पंखे आणि हार्ड डिस्क. प्रोसेसरवर बसविलेल्या पत्र्यांच्या फटींतून पंखा वारा खेळवितो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्यांत वसाहतीची धूळ. तिची गोधडी त्या फटींवर बसली, कीं पंखा जीव तोडून फिरूं लागतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर प्रोसेसर जळूं नये म्हणून स्वतःचाच वेग कमी करतो. घरांतल्या माणसांना मात्र गोंगाट व मंदपणा हीं दोन दुखणीं वाटतात. उपाय साधा आहे. वीज तोडावी, पातीं बोटानें धरून ठेवावीं आणि मऊ कुंचल्यानें व हवेच्या झोतानें धूळ काढावी. पात्याला वायर घासत असल्यास टक्‌टक् असा एकसारखा आवाज येतो. ती बांधून टाकावी. सुरू होतांना पंखा कण्हत असेल तर त्याचें बेअरिंग झिजलें असें समजून पंखाच बदलावा. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरीं कदापि उघडूं नये; प्लग काढल्यावरहि त्यांतील कपॅसिटरांत विजेचा सांठा राहतो. (उबेला आलेली पालहि कधीं पेटींत सांपडते, तिचें निदान निराळें!)

कधीं पंखा शांत असतो, पण हार्ड डिस्क खरखरत राहते आणि एक खिडकी उघडावयास मिनिट लागतें. अशा वेळीं कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. विंडोज प्रणालींत टास्क मॅनेजर उघडतो आणि रॅम कोण खात आहे तें दिसतें. रॅम भरली, कीं संगणक उरलेली पथारी डिस्कवर पसरतो. आणि अशा फिरत्या डिस्कचा वेग रॅमच्या मानानें सुमारें लाखपटीनें कमी. येथें डिस्क निर्दोष असते. अनावश्यक कामें बंद करावीं किंवा रॅम वाढवावी. अनेक दुकानांत सर्व दुखण्यांवर 'फॉरमॅट' हा एकच काढा पाजतात, तो येथें व्यर्थ आहे. आणि पुढील दुखण्यांत तर घातकच.

तें दुखणें डिस्कचें. १९५६ सालीं आय.बी.एम.नें पहिली डिस्क विकावयास आणिली, तेव्हां २४ इंच व्यासाच्या ५० थाळ्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आतां तळहाताएवढ्या पेटींतली थाळी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचणारें शीर्ष तिच्यावर केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावर तरंगतें. त्या शीर्षाला आपली जागा सांपडेनाशी झाली, कीं तें मागें येऊन पुन्हां प्रयत्न करतें. ठक्... ठक्... असा ठोका ऐकूं येतो, आणि संगणक ताटकळत राहतो. सर्व आवाजांत भिण्यासारखा आवाज हाच. अशा डिस्कवर बचत गटाचे हिशेब असतात, जॉब-वर्कचीं बिलें असतात, वारलेल्या आजोबांचीं छायाचित्रें असतात. पंखा बाजारांत मिळतो, हीं मिळत नाहींत.

म्हणून असा ठोका प्रथम ऐकतांच सफाई, दुरुस्ती, पुन्हां पुन्हां बंद-चालू करणें हें सर्व थांबवावें. छायाचित्रें व हिशेब आधीं, सिनेमे शेवटीं, या क्रमानें दुसऱ्या डिस्कवर प्रत करून घ्यावी. डिस्कच्या 'स्मार्ट' नांवाच्या स्वयंनोंदींत निकामी ठरून बदललेल्या जागांचा आंकडा असतो. तो वाढता दिसल्यास ठोका येण्याचीहि वाट पाहूं नये. डिस्क ओळखलीच जात नसेल, अथवा धातु खरवडल्याचा आवाज येत असेल, तर तत्काळ वीज तोडावी. ती उघडण्याचें काम धूलिरहित दालनांत बसणाऱ्या तज्ज्ञांचें आहे. प्रत झाल्यावर दहा-वीस फाइली नव्या डिस्कवरून उघडून पाहाव्यात, आणि तोंवर जुनी डिस्क दुकानदाराच्या हातीं देऊं नये.