मोटारीच्या संगणकाचा हजेरीपट



आज मी मोटारीविषयी बोलणार आहे. ज्यांच्या दारी मोटार नाही त्यांनीही ऐकावे अशी विनंती आहे. कारण आता खेड्यातला माणूस दवाखान्याला जातो, परीक्षेच्या केंद्राला जातो, तो कुणाच्या ना कुणाच्या मोटारीतूनच. ती वाटेत बंद पडली, की मालक आणि आत बसलेला पाहुणा दोघेही सारखेच उन्हात उभे राहतात.

मी एका तंत्रशाळेत मोटारदुरुस्ती शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो. हात चांगला, मनाने सरळ. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "सर, आमच्या गुरुजींची गाडी सारखी बंद पडतीय. सगळे म्हणतात ईसीएम गेला. नवा घ्यायचा तर लई महाग. भंगारात त्याच मॉडेलचा मिळतोय, पण तो ऑटोमॅटिक गाडीचा हाय. चालंल का?" मी वर्गात होतो, घाईत होतो. विचारले, "कपलर बसतो का?" "तंतोतंत बसतो." मी म्हटले, "मग बघ लावून."

या तीन शब्दांचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच आज येथे आलो आहे. पण आधी ही ईसीएम नावाची वस्तू काय आहे, ते पाहू.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. वहीएवढी चपटी पेटी, तिला पुष्कळ तारा. पूर्वी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. १ एप्रिल २००० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडत गेला. आता हा संगणक पाहतो: इंजिन किती वेगाने फिरते, हवा किती आत येते, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला. त्यावरून पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडायची आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडायची हे तो ठरवतो. पिचकारी उघडते ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मोजावी इतकाच वेळ.

आता गिअरकडे वळू. साध्या गाडीत क्लच पायाने दाबायचा, गिअर हाताने टाकायचा. ऑटोमॅटिक गाडीत हे काम यंत्र करते. २०१४ साली आपल्याकडे मारुतीची सेलेरिओ आली, तिच्यात एक मधला मार्ग होता. गिअरबॉक्स पाच गिअरचा, साधाच. फक्त क्लच आणि गिअर हलवण्याचे काम यंत्राकडे दिलेले. लोक तिलाही ऑटोमॅटिकच म्हणतात. पुढे इतर कंपन्यांनीही अशा गाड्या काढल्या. गुरुजींच्या गाडीसाठी आणलेली पेटी अशाच एका जातीच्या गाडीतली होती. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी रास्त होता. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, मग संगणक वेगळा कशाला?

तो कशाला, हे गाडी चालवणाऱ्याला खरे तर ठाऊक असते. गिअर बदलताना आपण काय करतो? ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, क्लच दाबतो, गिअर टाकतो, मग क्लच सोडत सोडत पुन्हा पाय दाबतो. ही हातापायांची जुळणी आपल्या अंगवळणी पडलेली असते. यंत्राच्या गाडीत हीच जुळणी दोन पेट्या आपसांत बोलून करतात. गिअरची पेटी इंजिनाच्या पेटीला सांगते, "जोर कमी कर." इंजिन ऐकते. क्लच सुटतो, गिअर बदलतो, मग निरोप येतो, "आता वाढव." हे सगळे दोन पिळलेल्या तारांवरून चालते. तारांवरून बोलण्याची ही पद्धत जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली.

शिक्षकबंधूंना एक दाखला देतो. समजा, तुम्ही चुकून सातवीचा हजेरीपट घेऊन सहावीच्या वर्गात गेलात. नावे पुकारता आहात, "हजर" म्हणणारा कोणी नाही. वर्ग भरलेला आहे, पण तुमच्या पटावर सगळी गैरहजेरी. ईसीएमचे असेच आहे. किल्ली फिरवली की तो आपला पट वाचू लागतो. ऑटोमॅटिक गाडीतला असेल, तर गिअरच्या पेटीला हाक मारतो. साध्या गाडीत ती पेटीच नाही. उत्तर आले नाही, की तो दोष लिहून ठेवतो. स्कॅनरवर यू ०१०१ असे उमटते. आणि समोर पिवळा दिवा लागतो, तो विझत नाही.

गुरुजींच्या गाडीत हेच झाले. भंगारवाल्याने पेटी दिली, तिच्याबरोबर तिची किल्ली आणि किल्ली ओळखणारे यंत्रही दिले. नाहीतर आजकालची गाडी परक्या किल्लीने चालू होत नाही. तरी स्टार्टर फिरेना, कारण गाडी न्यूट्रलमध्ये आहे हा निरोप या संगणकाला गिअरच्या पेटीकडून हवा होता. मग स्टार्टरला वेगळी तार टाकून एक बटण बसवले. गाडी चालू झाली. सगळ्यांना वाटले, रोग सापडला! पिवळा दिवा तेवढा राहिला आणि उभ्या गाडीचे इंजिन जरा वरखाली होई. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

ती चिकटपट्टी सगळ्यांत महाग पडली. गुरुजी आपल्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी नेत. दीड महिन्याने एका चढावर गाडीचा जोर गेला आणि ती थांबली ती थांबलीच. मागून आलेल्या जीपवाल्याने म्हातारीला नेले. पोचायला दोन तास उशीर झाला. जीव वाचला, पण गुरुजी ते दोन तास अजून विसरलेले नाहीत.

गाडी माझ्याकडे आली. ठिणगी अधूनमधून चुकत होती. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या शुद्धिकारकात जाऊन तेथे पेटत होते. तो वितळून नळी तुंबली होती. अशा वेळी पिवळा दिवा लुकलुकतो. गाडी ताबडतोब हळू करा, असा त्याचा अर्थ. पण तो चिकटपट्टीखाली लुकलुकत होता.

आणि ठिणगी का चुकत होती? इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी अर्थिंगची तार बोल्टाशी हिरवी पडून कुजली होती. मुळात गाडी बंद पडत होती तीही त्यामुळेच. पेटी बदलताना बॅटरी हलली, तार तात्पुरती चिकटली आणि आम्ही समजलो की नव्या पेटीने गुण आला. जुनी पेटी धडधाकट होती.

उलट अदलाबदल, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत साध्या गाडीचा संगणक, ही त्याहून वाईट. काही गाड्यांत इंजिन आणि गिअर दोन्हींचा कारभार एकाच पेटीत असतो. ती काढली की गिअरला आज्ञा देणारा कोणी उरत नाही. गाडी एकाच गिअरमध्ये लंगडत चालते किंवा जागची हलत नाही. पेट्या वेगळ्या असल्या, तरी "जोर कमी कर" ही हाक साधा संगणक ओळखत नाही. मग प्रत्येक गिअरला धक्का बसतो आणि क्लच झिजतो.

असे कधीच जमत नाही, असेही नाही. काही जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकारांना एकच पेटी असे आणि एखादी तार जमिनीला जोडली की तिला कळे, आपण कोणत्या गाडीत आहोत. काही नव्या पेट्यांना कंपनीच्या स्कॅनरने जात बदलून देता येते. पण ते त्या मॉडेलच्या पुस्तकात लिहिलेले असले तरच. कपलर बसणे हा पुरावा नव्हे. लेबलावरचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. फरक पुष्कळदा तेथेच असतो. भंगारातून घेतलीच, तर पावती घ्यावी. काही पेट्यांत मूळ गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक साठवलेला असतो. ती गाडी चोरीची निघाली तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

आणि पेटी मेली असे ठरवण्याआधी फ्यूज पाहा, रिले पाहा. मीटरची एक सुई इंजिनाच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टाच्या वर काटा गेला, तर अर्थिंग खराब समजा. मग सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. एखादा सेन्सर आतून जोडला गेला, तर तो पेटीचा पाच व्होल्टचा पुरवठा खाऊन टाकतो आणि चांगली पेटी मेल्यासारखी दिसते. पेटीचा कपलर काढण्याआधी बॅटरीची तार सोडा.

गुरुजींची गाडी नवी अर्थिंगची तार, नवा शुद्धिकारक आणि स्वतःची जुनी पेटी घेऊन घरी गेली. शुद्धिकारकाचे पैसे माझ्या विद्यार्थ्याने आणि मी निम्मे निम्मे दिले. गुरुजी नको म्हणत होते. दीडशे रुपयांची तार तेवढी त्यांनी स्वतः विकत घेतली.