पासोडी आणि जेवणाचं ताट



वेगवेगळ्या क्षेत्रांना जोडण्यावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मला आपल्या जिल्ह्यातलीच एक गोष्ट आठवली, अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी.

शाळेत दासोपंत म्हणजे मराठीच्या तासाला एक ओळ: काळ 1551 ते 1615, 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. (रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणे!) पासोडी म्हणजे सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापड. त्यावर त्यांनी पंचीकरण मांडलं, तेही नुसतं शब्दांत नाही, आकृत्या काढून.

पंचीकरण हा वेदान्ताचा विषय, पण आत चक्क अपूर्णांक आहेत. प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग त्याच्याकडेच राहतो. उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होतात आणि एकेक अष्टमांश इतर चौघांत जातो. मी वहीत पाच ओळी, पाच रकाने आखून पाहिले. आडवी बेरीज एक, उभीही एक. अपूर्णांक आपण गणिताच्या तासाला शिकलो; ते दासोपंतांपर्यंत पोचतात हे मला पस्तिशीनंतर कळलं.

मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करते. एका ठिकाणी औषधांच्या नोंदीवरून वाद पेटला. आमच्या पोरांना प्रत्येक औषधापुढे घड्याळाची वेळ हवी. सिस्टर लिहायच्या 'जेवणाआधी'. यांना कॉम्प्युटर कळत नाही, त्यांना पेशंट कळत नाही, असं दोन्हीकडून चाललेलं. पण मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन घड्याळाप्रमाणे दिलं आणि ताट तासभर उशिरा आलं, तर साखर उतरून जीवावर बेततं. मी भिंतीला मोठा कागद लावला. स्वयंपाकघर, वॉर्ड, औषधं, सगळं त्यावर काढलं आणि दोघांना त्यावर बोट ठेवून बोलायला लावलं. भांडण तासाभरात निवलं. ताट वॉर्डात आलं की सिस्टरने खूण करायची, मगच सुईची आठवण वाजायची, असं ठरलं. ही युक्ती स्वयंपाकघरातल्या मावशींनी सुचवली, आमच्यापैकी कुणी नाही.

आता मुख्याध्यापकांकडे एक मागणं. रीतसर परवानगी काढून नववीच्या मुलांना एकदा पासोडी दाखवायला न्या. सोबत मराठीच्या बाई हव्यात आणि गणिताचे सरही. बसचं भाडं आमच्या बॅचकडे लागलं.